मॅन्युअल टेबलावर उघडण्याआधी

प्रश्न: नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. आमचं डिसेक्शन (देह कापून शिकणं) पेक्टोरल रीजनपासून, म्हणजे छातीच्या पुढच्या भागापासून सुरू झालं. एका टेबलावर आम्ही चौदा जण आहोत. दोघं कापतात, एक जण मॅन्युअल (कापण्याच्या क्रमवार सूचनांचं पुस्तक) वाचतो आणि बाकीचे मागे उभे राहतात. पुस्तकात लिहिलेलं आम्हाला देहात सापडतच नाही. सुप्राक्लॅव्हिक्युलर नर्व्ह दिसल्या नाहीत, सिफॅलिक व्हेन तुटली. पुढच्या आठवड्यात ॲक्झिला, म्हणजे काख आहे. वाक्याचा अर्थ कळतो, पण हाताने नेमकं काय करायचं ते कळत नाही. सिनियर म्हणतात, मॅन्युअल घेऊच नकोस, पाठ्यपुस्तक आणि व्हिडिओ पुरे. काय करू?

उत्तर: सुप्राक्लॅव्हिक्युलर नर्व्ह सापडल्या नाहीत, कारण बहुधा तुम्ही त्या शोधायला सुरुवात करण्याआधीच कापल्या होत्या. क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) रेषेवरून तुम्ही आडवा छेद घेतला असेल. या नर्व्ह मानेतून खाली, क्लॅव्हिकल ओलांडून, दुसऱ्या बरगडीच्या पातळीपर्यंत उतरतात. म्हणजे तुमचा छेद त्यांच्या वाटेवर काटकोनात येतो. तो फक्त त्वचेपुरता असेल तर काही बिघडत नाही, कारण नर्व्ह प्लॅटिझ्मा या पातळ मसलच्याही खाली असतात. पण ब्लेड तीन-चार मिलीमीटर आत गेलं की त्वचा, प्लॅटिझ्मा आणि नर्व्ह एकाच झटक्यात जातात. मग पुस्तकातलं पुढचं वाक्य कितीही नीट वाचलं तरी उपयोग नाही.

छातीच्या पुढच्या बाजूची त्वचा जेमतेम एक ते दोन मिलीमीटर जाड असते. पाठीची बरीच जाड असते, आणि तळपाय तर वेगळाच. मॅन्युअल प्रत्येक वेळी ही जाडी सांगत बसत नाही, ती तुला आधी माहीत असावी लागते. म्हणून पहिला छेद नेहमी स्टर्नमवर (छातीच्या मधल्या हाडावर), मधल्या रेषेत घ्यायचा. तिथे खाली हाड आहे आणि महत्त्वाचं काही नाही, त्यामुळे त्या देहाची त्वचा किती जाड आहे याचा अंदाज फारसं नुकसान न होता येतो. छेदाच्या कडा आपोआप दूर झाल्या आणि मध्ये पिवळी चरबी डोकावली की थांब. मग कोपरा दातेरी चिमट्याने धरून ताणायचा आणि ब्लेडची धार त्वचेच्या आतल्या पांढऱ्या बाजूकडे वळवून, चरबीकडे नव्हे, त्वचा सोडवत जायची. सोडवलेल्या त्वचेच्या आतल्या बाजूला चरबीचा जाड थर चिकटून येत असेल तर तू खोल आहेस. त्वचेला भोकं पडत असतील तर वर आहेस. भोकं परवडतात.

क्लॅव्हिकलजवळ त्वचा निघाली की प्लॅटिझ्माचे फिकट, तिरके तंतू दिसतात. ते खालून अलगद वर उचलायचे आणि त्यांच्या मागच्या बाजूला शोधायचं. नर्व्ह तिथे असतात, आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तीन गटांत. एका बाजूच्या गेल्या असतील तर दुसऱ्या बाजूला अजून त्वचा असेल. तिथे हे करून बघा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही मॅन्युअल वाचताय ते पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं. पाठ्यपुस्तकात एखादी नर्व्ह कुठून निघते, कुठे जाते, कशाला पुरवठा करते हे असतं. क्रम कुठलाही असला तरी चालतो. मॅन्युअलमध्ये क्रम हाच मजकूर असतो. चौथी सूचना तिसरीच्या आधी केली तर पाचवीतली गोष्ट उरत नाही. आणि एका माणसाने वाचत असतानाच दुसऱ्याने कापायला सुरुवात केली तर वाक्याचा उत्तरार्ध ऐकू येईपर्यंत हात पुढे गेलेला असतो. "मसल कापा, पण त्याच्या मागून येणारी नर्व्ह सांभाळा" या धाटणीच्या वाक्यात इंग्रजीत कापण्याचं क्रियापद बहुतेक सुरुवातीलाच येतं आणि सावधानतेचा इशारा शेवटी. सिफॅलिक व्हेन अशाच वाक्यांत तुटतात. डेल्टॉइड (खांद्याचा मसल) आणि पेक्टोरॅलिस मेजर (छातीचा मोठा मसल) यांच्यामधल्या खाचेत ती पृष्ठभागालगत, चरबीत असते. "मसलची कड मोकळी करा" इथवर ऐकून कोणी खाचेतली चरबी खरवडली की ती गेलीच.

म्हणून पहिला नियम: पूर्ण सूचना वाचून संपेपर्यंत ब्लेड ट्रेमध्ये. हातात नाही, देहावर टेकवलेलं नाही, ट्रेमध्ये.

दुसरी गोष्ट आदल्या रात्रीची. उद्याच्या भागाची मॅन्युअलमधली पानं सहसा चार-सहा असतात. कनिंगहॅमच्या मॅन्युअलसारख्या पुस्तकात कापण्याच्या सूचना वर्णनापासून वेगळ्या छापलेल्या असतात. आधी तेवढ्याच वाच. मग एका कोऱ्या ए-फोर कागदावर तीन रकाने पाड. पहिल्यात काय कापायचं किंवा हलवायचं. दुसऱ्यात त्या वेळी काय तुटू द्यायचं नाही. तिसऱ्यात ते कुठल्या खुणेवरून सापडेल. तुमच्या झालेल्या भागातलं एक उदाहरण घे. पहिला रकाना: पेक्टोरॅलिस मेजरचं क्लॅव्हिक्युलर हेड, क्लॅव्हिकलच्या अगदी खाली कापायचं. दुसरा: लॅटरल पेक्टोरल नर्व्ह आणि तिच्यासोबतची थोराकोॲक्रोमियल आर्टरीची शाखा. तिसरा: मसलच्या मागच्या पृष्ठभागावर, पेक्टोरॅलिस मायनरच्या आतल्या, म्हणजे मीडियल कडेजवळ, क्लॅव्हिपेक्टोरल फॅशियातून बाहेर येताना (फॅशिया म्हणजे मसलभोवतीचा पातळ पडदा). एवढ्या तयारीला अर्धा तास लागतो. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर न्यायचा. मॅन्युअल बाजूच्या स्टुलावर, कोरड्या हाताच्या माणसाकडे. ग्लोव्ह घातलेल्या हाताने पान उलटलं की ते पुस्तक कायमचं डीएचचं (डिसेक्शन हॉलचं) झालं. ते पुन्हा हॉस्टेलच्या पलंगावर न्यायचं नाही. फॉर्मालिनचा आणि चरबीचा वास तर असतोच, शिवाय ते आरोग्यालाही चांगलं नाही.

दुसरा रकाना लिहिताना पाठ्यपुस्तक लागेल, आणि तेच त्याचं खरं स्थान आहे. नाव समजून घेतलं की जागा चुकत नाही. पेक्टोरल नर्व्हचीच गंमत बघ: लॅटरल पेक्टोरल नर्व्ह छातीवर मीडियल पेक्टोरल नर्व्हपेक्षा आतल्या बाजूला येते. नावं ब्रेकियल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याच्या) ज्या कॉर्डपासून, म्हणजे जाड दोरापासून, त्या निघतात त्यांवरून पडली आहेत, छातीवरच्या जागेवरून नाहीत. हे माहीत नसेल तर दोन्ही समोर असूनही उलट्या ओळखल्या जातात आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तेच उलटं बाहेर येतं.

वाक्य कळतं, हात कळत नाही

ही तक्रार माध्यमाची नाही. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलंही इथेच अडतात. मॅन्युअलमध्ये मोजकी सात-आठ क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकाची हाताची कृती ठरलेली असते. ती एकदा बसली की पुस्तक निम्मं सोपं होतं.

"रिफ्लेक्ट" म्हणजे कापून काढून टाकणं नव्हे. एक टोक सोडवायचं, दुसरं जागेवर जोडलेलं ठेवायचं आणि मधला भाग पुस्तकाचं पान उलटावं तसा बाजूला उलटायचा, त्याच्या नर्व्ह-आर्टरीसकट. तास संपला की तो पुन्हा जागेवर झाकता आला पाहिजे. "डिव्हाइड" म्हणजे आडवं कापणं, आणि इथे कुठे कापायचं हे अंतर वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. पेक्टोरॅलिस मेजरचा स्टर्नोकॉस्टल भाग स्टर्नमपासून सुमारे पाच सेंटीमीटर बाहेर कापायचा असतो. त्यामुळे उगमाची कड जागेवर राहते, तिच्यावरून मसल कुठून निघाला हे नंतरही दाखवता येतं. "डिट्रॅक्ट" असं कुणी वाचून दाखवलं तर त्याने बहुधा "रिट्रॅक्ट" चुकीचं वाचलं. तिथे काहीच कापायचं नाही, फक्त ओढून धरायचं आणि बघून सोडायचं.

"क्लीन" या शब्दाने सगळ्यात जास्त नुकसान होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं, पिवळं दिसेल ते सगळं काढा. तसं नाही. मसल क्लीन करायचा म्हणजे त्याच्यावरचा फॅशिया मसलच्या तंतूंच्या दिशेने, ब्लेड तंतूंना समांतर ठेवून सोलायचा. मसल ताणलेला हवा. पेक्टोरॅलिस मेजरसाठी हात बाजूला फाकवून ठेवला की तो आपोआप ताणतो. नर्व्ह किंवा आर्टरी क्लीन करायची असेल तर ब्लेड खालीच ठेव. बोथट टोकाची कात्री बंद स्थितीत चरबीत घाल, नर्व्हच्या दिशेला समांतर, आणि आत गेल्यावर उघड. चरबी फाटते, नर्व्ह फाटत नाही. बाहेर काढताना कात्री बंद करू नकोस, उघडीच काढ. नाहीतर दोन पात्यांमध्ये काय आलंय ते कळत नाही. आडवी कात्री उघडली तर बारीक शाखा तुटतात. दिशा माहीत असणं म्हणूनच गरजेचं, आणि दिशा रात्रीच्या कागदावर असते.

"ट्रेस" म्हणजे एक टोक सापडलं की ते कशात तरी शिरेपर्यंत पाठलाग करायचा, मध्येच नाव ठोकून सोडायचं नाही. "डिफाइन" म्हणजे कडा स्पष्ट करायच्या, बोट किंवा प्रोब मागे घालता येईल इतक्या. आणि "आयडेंटिफाय" असं असेल तिथे काहीही कापायचं नाही. बघायचं, बोटाने चाचपायचं, नाव घ्यायचं.

पेन्सिलने ही क्रियापदं मॅन्युअलमध्ये गोल करत जा. कापण्याची एका खुणेने, बघण्याची दुसऱ्या. एका पानावर कापण्याच्या कृती किती कमी असतात ते बघून आश्चर्य वाटेल. मोठा वेळ बोथट हत्यारांचा असतो. डिसेक्शन बॉक्समधला स्कालपेल सर्वांत जास्त वापरला जात असेल तर टेबलाचं काम चुकतंय असं खुशाल समजावं.

वाचणाऱ्याने वाक्य इंग्रजीत वाचावं आणि लगेच मराठीत सांगावं: काय हलवायचं, काय जपायचं. सांगता आलं नाही तर कळलेलं नाही, मग कापायचं नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. परीक्षेत इंग्रजी लागेल, पण टेबलावर सगळ्यांना एकच गोष्ट कळणं जास्त महत्त्वाचं.

चौदा जण, एक देह

देहाला दोन बाजू आहेत. सात-सात जण करा. उजवी बाजू एक दिवस पुढे आणि डावी एक दिवस मागे ठेवता आली तर उत्तम (तुमच्या शिक्षकांना विचारून). उजवीकडे जे तुटलं त्याचा फायदा डावीकडच्यांना मिळतो, आणि डावीकडे जे नीट निघालं ते उजवीकडच्यांना बघता येतं.

सातांपैकी एक जण कापतो, एक जण समोरून ताण धरतो. हा दुसरा फार दुर्लक्षित असतो. ताण नसेल तर फॅशियाचे थर वेगळे दिसतच नाहीत, चिकटलेले राहतात, आणि कापणारा अंदाजाने जातो. तिसरा वाचतो. चौथ्याच्या हातात त्या भागाचं हाड असतं आणि समोर ॲटलास. पाचवा नोंद ठेवतो: काय सापडलं, काय तुटलं, काय पुस्तकापेक्षा वेगळं होतं. उरलेल्या दोघांनी बघायचं, आणि दर वीस मिनिटांनी जागा बदलताना तोवर काय झालं ते नव्या वाचणाऱ्याला सांगायचं. बघणाऱ्यांवर ही जबाबदारी नसेल तर ते मोबाइलकडे वळतात. डीएचमध्ये मोबाइल खिशाबाहेर काढायचाच नाही, देहाचे फोटो काढायचे नाहीत. ज्यांनी देहदान केलं त्यांच्याबद्दल पहिल्या दिवशी घेतलेल्या शपथेत हेही आलंच.

हाडाविषयी थोडं जास्त. मॅन्युअल गृहीत धरतं की तुला हाड येतं. कोराकॉइड प्रोसेस हे हाडाचं टोक कुठे आहे हे स्कॅप्युला (खांद्याचं पातं) हातात धरून, मग स्वतःच्या खांद्यावर, मग देहावर दाबून बघितल्याशिवाय पेक्टोरॅलिस मायनर "सापडत" नाही, नुसता दिसतो. क्लॅव्हिकलच्या बाहेरच्या भागाखाली साधारण अडीच सेंटीमीटरवर, डेल्टॉइडच्या पुढच्या कडेखाली ते टोक लागतं. तासाची पहिली दहा मिनिटं अशा खुणा शोधण्यात घालवा: सुप्रास्टर्नल नॉच, स्टर्नल अँगल आणि त्याला लागून दुसरी बरगडी, झिफॉइड, ॲक्रोमिअन. बरगड्या मोजताना नेहमी स्टर्नल अँगलपासून दुसरी धरून सुरू करायचं. पहिली बरगडी क्लॅव्हिकलखाली दडलेली असते, तिच्यापासून मोजायला गेलं की एक आकडा हमखास चुकतो.

आणि उजवं-डावं म्हणजे देहाचं, तुझं नव्हे. डोक्याकडच्या बाजूला उभं राहणारी मुलं पुस्तकातलं चित्र उलटं धरतात. मग वर-खाली आणि उजवं-डावं दोन्ही चुकतं. वाचणाऱ्याने आणि ॲटलासवाल्याने शक्यतो देहाच्या पायांकडे तोंड करून नव्हे, तर डोक्याकडे तोंड करून उभं राहावं. चित्र आणि देह एकाच दिशेला येतात.

पुढच्या आठवड्यातली ॲक्झिला

ॲक्झिला मॅन्युअलमध्ये सोपी वाटते आणि टेबलावर फसते. काखेत चरबी आणि लिम्फ नोड भरपूर असतात, आणि चरबी काढण्याच्या उत्साहात सगळ्यात आधी इंटरकोस्टोब्रेकियल नर्व्ह जाते. ही दुसऱ्या इंटरकोस्टल नर्व्हची लॅटरल क्युटेनियस शाखा. छातीच्या भिंतीतून निघून चरबीतून आडवी जाते आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेपर्यंत पोचते. काखेच्या चरबीतून आडवा जाणारा बारीक, पांढरा, ओढला तरी न ताणला जाणारा धागा दिसला की थांबा. तो दोन्ही टोकांकडे ट्रेस करा, मगच भोवतालची चरबी काढा.

त्याआधी हात योग्य स्थितीत हवा. पेक्टोरल भागासाठी थोडा फाकवलेला चालतो, ॲक्झिलासाठी जवळजवळ काटकोनात. फॉर्मालिनने घट्ट झालेला खांदा सहजासहजी फाकत नाही. जोराने ओढू नका, डीएचमधल्या अटेंडंटना सांगा, ते हात फळीवर बांधून देतात आणि एका रात्रीत फरक पडतो. फार जास्त फाकवला तर प्लेक्ससच्या नर्व्ह इतक्या ताणल्या जातात की एकमेकींपासून वेगळ्या करणं अवघड होतं. तेव्हा नर्व्ह वेगळ्या करताना हात थोडा जवळ आणायचा, आणि भिंती बघताना पुन्हा दूर. हे पुढे-मागे करणं मॅन्युअलमध्ये एखाद्या अर्ध्या ओळीत येतं, कधी येतही नाही.

पेक्टोरॅलिस मायनर दिसला की तो ॲक्झिलरी आर्टरीचे तीन भाग पाडतो हे ध्यानात ठेवून पुढे जा. आधी व्हेन लागते. ती पातळ भिंतीची, चपटी, बहुतेक वेळा आत काळपट गोठलेलं रक्त असलेली. आर्टरी गोल, जाड भिंतीची, दाबली तर रबरी नळीसारखी परत येणारी. नर्व्ह भरीव, पांढुरकी, बारकाईने बघितलं तर लांबीच्या दिशेने रेघा असलेली. शंका असेल तर चिमट्याने दाबून बघायचं: नर्व्हच्या आत पोकळी लागत नाही. छोट्या व्हेन दृश्य झाकतात म्हणून मॅन्युअल त्या काढायला सांगतं. त्या काढा, पण मुख्य ॲक्झिलरी व्हेन आणि सिफॅलिक जिथे तिला मिळते ती जागा ठेवा. एका बाजूची सिफॅलिक तुटली आहे, दुसऱ्या बाजूची तरी वाचवा.

प्लेक्ससमध्ये नावं लावायला कुठून सुरुवात करायची? वरून, कॉर्डपासून नको. खालून करा. कोराकोब्रेकियालिस मसल शोधा आणि त्याला भेदून जाणारी नर्व्ह शोधा. ती मस्क्युलोक्युटेनियस. ती धरून उलट वर गेलात की लॅटरल कॉर्ड. तिथूनच मीडियन नर्व्हचं लॅटरल रूट निघतं, ते आर्टरीच्या पुढे मीडियल रूटला मिळतं. मीडियल रूट धरून परत वर गेलात की मीडियल कॉर्ड, आणि तिचीच दुसरी मोठी शाखा खाली अल्नर म्हणून जाते. मस्क्युलोक्युटेनियस, मीडियनची दोन रूट्स आणि अल्नर मिळून आर्टरीच्या तिसऱ्या भागापुढे इंग्रजी एम अक्षर तयार होतं. तो दिसला की निम्मी लढाई जिंकली. मागची कॉर्ड बघायला आर्टरी बाजूला ओढावी लागते. तिथे रेडियल ही जाड शाखा, आणि क्वाड्रँग्युलर स्पेसमधून पोस्टीरियर सर्कमफ्लेक्स ह्युमरल आर्टरीबरोबर मागे जाणारी ॲक्झिलरी.

कधी कधी मस्क्युलोक्युटेनियस कोराकोब्रेकियालिसला भेदतच नाही, किंवा तिचा एक फाटा मीडियनला जाऊन मिळतो. आर्टरीच्या शाखांचं तर विचारूच नका. दोन शाखा एकाच खोडातून निघालेल्या दिसतील. अशा वेळी "आमच्या देहात चुकीचं आहे" म्हणून चित्राशी जुळेपर्यंत कापत राहणं ही सर्वांत वाईट गोष्ट. शाखेचं नाव ती कुठून निघते यापेक्षा ती कुठे पोचते यावरून ठरवा, पाचव्या माणसाच्या वहीत नोंद करा आणि शिक्षकांना दाखवा. लॅटिसिमस डॉर्साइच्या आत शिरते ती थोराकोडॉर्सल, सेरेटस अँटीरियरच्या पृष्ठभागावरून बरगड्यांना चिकटून उभी उतरते ती लाँग थोरॅसिक, मग वरचं खोड कसंही असो. लाँग थोरॅसिकला बोटाने मसलपासून सुटी करून लोंबकळत ठेवू नका. ती मसलवरच राहू द्या, नाहीतर पुढच्या तासाला ती कुठल्याही नर्व्हसारखी दिसते.

मॅन्युअल न सांगणारी आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, पुढे पायाच्या वेळी उपयोगी पडेल. एम्बामिंग करताना द्रव बहुतेकदा फेमोरल किंवा कॅरॉटिड आर्टरीतून सोडतात. त्या बाजूला आधीच छेद आणि टाके असतात आणि थर विस्कटलेले असतात. फेमोरल ट्रँगलसाठी दुसरी बाजू निवडा. तसंच ज्यांची बायपास शस्त्रक्रिया झालेली असते त्यांच्या पायात ग्रेट सॅफिनस व्हेन काढून घेतलेली असू शकते, छातीवर मधोमध व्रण असतो. व्रण आधी बघितला तर नसलेली व्हेन तासभर शोधावी लागत नाही.

हत्यारं, हात, डोळे

डिसेक्शन बॉक्समधल्या अर्ध्या गोष्टी लागत नाहीत. चार नंबरचं हँडल आणि त्यावर बावीस किंवा चोवीस नंबरचं ब्लेड त्वचेसाठी, तीन नंबरच्या हँडलवर पंधराचं ब्लेड बारीक कामासाठी. दातेरी चिमटा त्वचा आणि फॅशियासाठी, बिनदातेरी नर्व्ह-आर्टरीसाठी. उलट वापरलंत तर त्वचा निसटते आणि नर्व्ह चिरडते. बोथट टोकाची कात्री, प्रोब, दोन आर्टरी फोर्सेप्स, बस. ब्लेड बोथट झालं की बदला. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरतं, आणि घसरलेलं ब्लेड बहुधा समोर ताण धरणाऱ्याच्या बोटात जातं. ब्लेड बोटांनी काढू नका, आर्टरी फोर्सेप्सने धरून काढा आणि शार्प्सच्या डब्यात टाका. लागलंच तर ग्लोव्ह काढून वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच शिक्षकांना सांगा. टिटॅनसचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आधीच आठवून ठेवा.

ग्लोव्ह शक्यतो नायट्राइलचे. फॉर्मालिन लॅटेक्समधून तुलनेने लवकर झिरपतं. लॅटेक्सच मिळत असतील तर दोन घाला आणि मध्ये बदला. कॉन्टॅक्ट लेन्स घालून डीएचमध्ये जाऊ नये, डोळ्यांना झोंबत असेल तर साधा बंद गॉगल वापरा. फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगकारक म्हणून जागतिक पातळीवर वर्गीकृत आहे, तेव्हा खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे चालू आहेत का हे विचारणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. तोंड देहाच्या अगदी जवळ नेऊन बघण्यापेक्षा दिवा जवळ आणा.

काढलेली त्वचा, चरबी, फॅशिया याच देहाच्या डब्यात किंवा पिशवीत. दुसऱ्या टेबलाच्या डब्यात नाही, कचऱ्यात तर अजिबात नाही. ते सगळं शेवटी त्याच देहाबरोबर जायचं असतं.

तास संपायच्या आधी दहा मिनिटं काम थांबवा. उलटलेले मसल आणि त्वचेचे पदर परत जागेवर ठेवा, वेटिंग सोल्युशनमध्ये (देह वाळू नये म्हणून वापरायच्या द्रवात) भिजवलेलं कापड वर घाला आणि त्यावर प्लास्टिक. पंजा आणि पाय वेगळे गुंडाळा, ते सर्वांत आधी वाळतात. एकदा मसल तपकिरी आणि चामड्यासारखा कडक झाला की नंतर कितीही ओला केला तरी पूर्ववत होत नाही, आणि त्यातली नर्व्ह सोडवणं जवळजवळ अशक्य. बरीच टेबलं महिन्याभरानंतर "आमच्या देहात काही दिसत नाही" म्हणतात, त्यातल्या कित्येकांचं कारण हे आहे. बुरशीचे ठिपके दिसले तर स्वतः काही चोळू नका, अटेंडंटना दाखवा.

घ्यायचं की नाही

सिनियर म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे: परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मॅन्युअल उपयोगाचं नाही. व्हायव्हाला आणि थिअरीला पाठ्यपुस्तकच लागतं. व्हिडिओही जरूर बघ, पण डिसेक्शनच्या नंतर. आधी बघितले तर डोक्यात एक स्वच्छ, आधीच साफ केलेलं चित्र बसतं, त्यात चरबी नसते, रंगवलेल्या आर्टरी असतात, आणि मग टेबलावरचा खरा देह "खराब" वाटायला लागतो.

मात्र टेबलावर मॅन्युअलशिवाय काम म्हणजे वाटेत मिळेल ते कापत जाणं. दर टेबलाला एक प्रत पुरते, चौदा जणांनी चौदा घ्यायची गरज नाही. कनिंगहॅमचे तीन भाग असतात: पहिला हात आणि पाय, दुसरा छाती आणि पोट, तिसरा डोकं, मान आणि मेंदू. वर्गणी काढून आत्ता फक्त पहिला भाग घ्या. सिनियरकडे जुनी प्रत मिळत असेल तर तीही चालेल. आवृत्ती जुनी असली तरी ॲक्झिलाची चरबी बदललेली नाही, कापायचा क्रमही फारसा नाही. काही जुनी नावं वेगळी दिसतील, ती पाठ्यपुस्तकाशी ताडून समासात लिहून ठेवायची. फक्त जुनी प्रत घेताना चित्रांची पानं फाटलेली नाहीत ना ते बघ, आणि तुमच्या कॉलेजचा क्रम मॅन्युअलच्या क्रमापेक्षा वेगळा असेल तर पहिल्या पानावर पेन्सिलने कोणता भाग कोणत्या पानावर आहे ते लिहून ठेव. दर वेळी टेबलावर अनुक्रमणिका शोधण्यात पाच मिनिटं जातात, आणि तेवढ्यात कोणीतरी कापायला सुरुवात केलेली असते.